वरच्या टाचा

मंगळवारी सकाळी अकरा वाजता शलाका बोंद्रेच्या खोलीचं छत खाली आलं आणि त्यातून तिला स्वतःच्याच चपलांचे तळ दिसले. डाव्या चपलेचा अंगठा परवाच शिवून घेतलेला, तो पांढरा दोराही दिसला. फरशीत पाहिलं तर तिचाच भांग. ती एक पाऊल सरकली; वरचे तळ सरकले, खालचा भांगही सरकला.

संस्थेचा वायरमन येऊन पंखा काढून गेला. "छताचा अर्ज वेगळा करावा लागेल मॅडम," म्हणाला आणि मान वाकवून बाहेर पडला.

शलाकाला कारण ठाऊक होतं. धातूला पाणी कसं बिलगतं, हे ती संगणकावर मांडून बघायची. धातूचा पातळ थर, त्यावर पाणी, वर रिकामी जागा, असा चिमुकला डबा करायचा. संगणक तोच डबा वर-खाली, चहूबाजूंनी मांडत जातो. रिकामी जागा, अणू मोजायच्या मापात, वीस अँगस्ट्रॉम तरी हवी, नाहीतर थराला वरच्या डब्यातला आपलाच थर जाणवतो आणि आकडे खोटे येतात. तिने घाईत, नुसत्या चाचणीपुरती, आठ ठेवली होती. बदलायची राहिली. आकडा इतका देखणा आला की चूक लक्षात आल्यावरही तिने तोंडाला कुलूप लावलं. त्या आकड्यावर विसंबून प्रयोगशाळेतल्या मुश्ताक काझीने वर्षभर बॅटरीसाठी लेप बनवला. आज चार वाजता दोघांना समितीपुढे उभं राहायचं होतं. तिची नोकरी कायम होणार होती, त्याचा प्रबंध पुढे जाणार होता.

मुश्ताक उंच. पावणेचार वाजता तो कमरेत वाकूनच आत आला. हातात रुमालात गुंडाळलेली नमुन्यांची डबी.

"छत खाली आलंय."

"सकाळपासून."

"अगं, लेप टिकत नाहीये. आज आठव्या चकतीवरूनही सोलून निघाला." त्याचे डोळे लाल होते. "तू रिकामी जागा किती ठेवली होतीस?"

सांगून मोकळं व्हावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"वीस," ती म्हणाली.

छत वीतभर खाली आलं. मुश्ताक फरशीवर बसला, आपल्याच भांगावर.

"मग मीच चुकलो. समितीला तसं सांगतो. प्रबंध मागे घेतो." त्याने डबी तिच्या टेबलाखाली सरकवली. "तुझ्या कामाला बट्टा नको."

फोन वाजला. विभागप्रमुख धामणकर सर होते. "शलाका, चार वाजले. वर या दोघं."

छत आणखी खाली आलं. आता मात्र तिला राहवेना. खरं सांगायला ती मुश्ताककडे वळली, पण तेवढ्यात वरच्या टाचा तिच्या टाळूवर टेकल्या. हनुवटी छातीला जाऊन भिडली. जबडा काही केल्या उघडेना.

"काय म्हणतेस?" मुश्ताकने विचारलं.

तिच्या तळव्यांखाली तिचंच डोकं बोलण्यासाठी वर यायची धडपड करत होतं. पाय उचलायला वर जागा नव्हती.