सही केलेली पानं

छापखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण मास्तरांनी जन्मात कधी खडू हातात धरला नव्हता. ते प्रुफं तपासत. चौतीस वर्षं एकाच खिडकीशी, एकाच डुगडुगत्या टेबलावर बसून त्यांनी लोकांच्या चुका काढल्या होत्या. कागदावर ते वाघ होते. भल्याभल्या लेखकांची पानं ते लाल करून परत पाठवत. पण तोच लेखक समोर येऊन बसला की मास्तर गुळमुळीत हसत आणि हवापाण्याचं बोलत.

छापखान्याची एक रीत होती. पान वाचून त्यात काही गैर दिसलं नाही, तर मास्तर खालच्या कोपऱ्यात बारीक सही करत. मजकुराबद्दल शंका आली, तर समासात प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाचं पान कितीही घाई असली तरी मशीनवर चढत नसे आणि सहीचं पान पुन्हा कुणी उघडून बघत नसे. ही रीत सगळ्यांत जास्त पाळली ती पैलवानाने. पैलवान म्हणजे मशीन चालवणारा, मास्तरांचा तीस वर्षांचा दोस्त. अंगाने काडी, म्हणून पैलवान. लग्नपत्रिका असो की कायद्याचं पुस्तक, खालच्या कोपऱ्यात मास्तरांची सही दिसली की हा डोळे मिटून मशीन सुरू करी.

त्याची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि गेल्या वर्षी गेली. त्या दोन वर्षांत लेकीने, छबूने, चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून आईचं सगळं केलं. आता दोन खोल्यांत बाप आणि लेक एवढेच उरले होते. पैलवानाचा जीव काय तो छबूत होता.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत पैलवानाने मास्तरांच्या टेबलावर प्रुफांचा गठ्ठा आणून ठेवला. दोनशे बत्तीस पानं. कॉम्प्युटरवरच्या मुलीकडून त्याने ती हळूहळू टाइप करून घेतली होती आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"आमच्या हिच्यावर लिहिलंय," तो म्हणाला. "तू वाच. नेहमीसारखं वाच, माझं म्हणून सोडू नकोस."

मास्तर त्याच दिवशी वाचायला बसले आणि दहाव्या पानावर त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिल्या पानावर वहिनी चंद्रासारख्या होत्या, तिसऱ्यावर नदीसारख्या, सातव्यावर त्या हसल्या की बाग फुलत होती. मास्तर वहिनींना चांगले ओळखत होते. वहिनींची जीभ तिखट होती, त्या अख्ख्या छापखान्याच्या नकला करत, आणि एकदा त्यांनी चारचौघांत मास्तरांना विचारलं होतं की तुमचा सदरा धुतात की नुसता वाळवतात. ती बाई या पानांत औषधालाही नव्हती. पुस्तक वाईट होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते खोटं होतं.

हे सांगायला पाहिजे होतं. मास्तर तीनदा उठून मशीनपर्यंत गेले. एकदा पैलवान रोलर पुसत होता, एकदा डबा उघडत होता, तिसऱ्यांदा तो नुसता उभा होता आणि मास्तरांकडे बघून हसला. मास्तरांची जीभ रेटेना. वर्षभराने हसलेल्या माणसाला काय सांगायचं, की बाबा रे, तुझं दुःख पोचत नाही? ते परत येऊन खुर्चीत बसले.

चाळीस पानं त्यांनी कशीबशी तपासली. पुढची एकशे ब्याण्णव पानं त्यांनी वाचली नाहीत. एका दुपारी ते फक्त खालचे कोपरे बघत बसले. पान उलटायचं, सही करायची, पान उलटायचं. नातेवाइकांत वाटायच्या दोनशे प्रती, वाचणार कोण, असं त्यांनी स्वतःला समजावलं. चौतीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं आणि याला ते मैत्री म्हणत होते.

पैलवानाने गठ्ठा हातात घेतला. पहिली चाळीस पानं त्याने बघितलीही नाहीत. सरळ शेवटाकडचं एक पान काढलं, आणि कोपऱ्यातल्या सहीकडे बराच वेळ बघत राहिला.

"सगळं वाचलंस?"

"सही केलीय ना."

"कुठेच शंका नाही?"

"नाही रे. बिनधास्त छाप."

पैलवानाने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मास्तरांना वाटलं, गडी खूश झाला. मालकांची परवानगी काढून पैलवानाने रविवारी स्वतःच मशीन चालवलं आणि दोनशे प्रती तयार केल्या. पहिली छबूला दिली.

पाचव्या दिवशी भर दुपारी छबू छापखान्यात आली. ती लहानपणापासून यायची, पण आल्या आल्या आधी बापाकडे जायची. आज ती सरळ मास्तरांसमोर येऊन बसली. तिच्या हातात पुस्तक होतं.

"काका, दोनशे सातावं पान तुम्ही वाचलं होतंत?"

तिने ते उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. मास्तरांनी पहिल्यांदा ते पान वाचलं. त्यात चंद्र नव्हता, नदी नव्हती. लिहिलं होतं की बायको गेली त्या दुपारी तिने छबूला हाका मारल्या. एक नाही, दोन नाही, पाव तास मारल्या. भिंतीपलीकडच्या शेजारणीने त्या ऐकल्या आणि वाटलं, मुलगी आहे घरात. मुलगी पलीकडच्या खोलीत झोपली होती. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच दुपारी झोपली होती.

आई झोपेतच गेली, तिला काही कळलंही नाही, असं छबू येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. तेवढ्या एका गोष्टीवर पोरीने वर्ष काढलं होतं.

"मी बाबांना विचारलं, हे का छापलंत," छबू म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "ते म्हणाले, मास्तरांनी वाचलंय, त्यांना काही गैर वाटलं नाही. म्हणजे तुम्हालाही असंच वाटतं ना? मी झोपले म्हणून?"

इथे मास्तर खरं बोलले असते तर निदान एका माणसाच्या दोषाचा तरी भार तिच्या डोक्यावरून उतरला असता. मी वाचलंच नव्हतं, एवढे तीन शब्द. पण त्या तीन शब्दांनी चौतीस वर्षांची सही मातीत गेली असती, आणि मास्तरांना वेळ मारून नेण्याची सवय होती.

"अगं, बाबांना तसं म्हणायचं नसेल," ते म्हणाले.

छबूने त्यांच्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि ती गेली. मशीनच्या बाजूला तिने मानही वळवली नाही.

त्यानंतर दोन दिवस पैलवान कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर त्याच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. छबूचं कपाट उघडं होतं आणि आत रिकामे हँगर होते. दुसऱ्या गावी चष्म्याच्याच दुकानात नोकरी लागली म्हणे तिला, पैलवान म्हणाला. पत्ता विचारला तर म्हणाली, नंतर कळवते. घराची किल्ली तिने टेबलावर ठेवली होती.

मास्तरांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. चाळीस पानांच्या पुढे वाचलं नव्हतं. सह्या खोट्या होत्या. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

त्यांना वाटलं होतं, पैलवान चिडेल, दोन शिव्या देईल. कोपऱ्यातल्या ढिगातून त्याने एक प्रत काढली, मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि समोर बसला.

"मग आता वाच."

मास्तर वाचू लागले. साठाव्या पानानंतर उपमा गळून पडल्या. मग वहिनी आल्या, तिखट जिभेच्या, नकला करणाऱ्या, आजारात नवऱ्यावर खेकसणाऱ्या. शेवटाकडे तर पैलवानाने स्वतःला सोललं होतं. त्या दिवशी छापखाना दुपारीच सुटला होता, तरी गरज नसताना तो ओव्हरटाइमला थांबला होता. घरी जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, म्हणून थांबला होता. झोपलेल्या मुलीला तो दोष देत नव्हता, स्वतःला देत होता. पण ते कळायला दोनशे सातच्या पुढे जावं लागत होतं, आणि कुठली मुलगी त्या पानाच्या पुढे जाईल? दिवस कलेपर्यंत मास्तर वाचत होते. एवढं खरं लिखाण त्यांच्या टेबलावर चौतीस वर्षांत आलं नव्हतं.

"सांग," पैलवान म्हणाला.

"पहिली साठ पानं वाईट आहेत," मास्तर म्हणाले. "पुढचं फार चांगलं आहे. दोनशे सातावं सगळ्यांत चांगलं आहे. आणि ते छापायला नको होतं. आधी तिला जवळ बसवून सांगायला हवं होतंस."

पैलवानाने मान डोलावली.

"पहिली साठ वाईट आहेत हे मला कळत होतं रे," तो म्हणाला. "मला त्या एका पानाचंच विचारायचं होतं. तोंडाने विचारवेना, म्हणून सगळं पुस्तक तुझ्याकडे दिलं."

मास्तरांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. उठायचं की बसून राहायचं, हे त्यांना कळेना.