तळ्यात सोडलेला सफाईवाला

तळ्याच्या कचेरीतले साहेब, गुन्हा तुमचा आहे आणि शिक्षा मला होते आहे. आज दुपारी मला खड्ड्यात पुरणार आहेत. माझ्या अंगावर हाडांचं चिलखत आहे, पाण्याबाहेरही मी लवकर मरत नाही. म्हणून बोलायला एवढा वेळ मिळाला.

मित्रांनो, मी एक म्हातारा सकर मासा आहे, तोंडाने काचेला चिकटून राहणारा. पैदाशीच्या हौदात जन्मलो, बोटाएवढा असताना दुकानात आलो. दुकानदाराने एका गृहस्थांना छातीठोकपणे सांगितलं, की हा काचेवरचं शेवाळ चाटून खातो आणि मासे ठेवायच्या काचेच्या पेटीच्या मापानेच वाढतो. दुसरी गोष्ट साफ खोटी होती. त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

त्यांच्या घरी माझी पेटी जेवणाच्या टेबलाशेजारी होती. मी काच लख्ख ठेवायचो. धाकटी मुलगी पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरात हा एकटाच न सांगता काम करतो." तेव्हा तिचे बाबा पेपरात तोंड खुपसायचे.

पण मी वाढतच गेलो. हातभर झालो. वळलो की झाडं उपटायची, पाणी गढूळ व्हायचं. पेटी धुता धुता आईच्या नाकी नऊ आले. कौतुक आटलं. मारायला मात्र कुणाचा हात धजेना. शेवटी बाबांनी तुमच्या कचेरीत विचारलं.

तेव्हा तुम्ही काय म्हणालात, साहेब? "आणा की. तळ्यात शेवाळ माजलंय, फुकटचा सफाईवाला मिळेल."

वर तळ्याच्या फाटकाशी टाकी ठेवलीत, नको झालेले मासे इथे द्या म्हणून पाटी लावलीत. घराघरांतून माझे जातभाई आले. धाकटी रडत होती. तिथे याला मोकळं पोहता येईल ना, असं तिने तीनदा विचारलं. बाबा तीनदा हो म्हणाले.

मी तळ्यातही शेवाळच खाल्लं. त्याला इथल्या माशांची अंडी चिकटलेली असतात, हे मला कुठे माहीत? काचेवर कधी अंडी नव्हती. मी काठात बिळं खणली, कारण आमच्यात बापच बिळात बसून अंडी राखतो. त्यानं काठ ढासळला. बाप होणं चूक होती का? खरंच सांगतो, मला अजून उमगत नाही.

तळ्यावर जाळं टाकून पोट भरणारी एक मावशी आहे. हळूहळू तिच्या जाळ्यात आम्हीच येऊ लागलो. आमच्या काट्यांनी जाळं फाटायचं, आणि आम्हाला विकत घेणारं कुणी नाही. आज सकाळी मी सापडलो. मला सोडवताना तिची बोटं रक्ताळली. आता आपटणार, असं वाटलं. ती थकून म्हणाली, "तुला तरी काय बोलू रे? पण माझ्या चुलीत काय घालू?"

मग, सापडलेला सकर पाण्यात परत सोडायचा नाही, पुरून टाकायचा, या तुमच्या नव्या हुकुमाप्रमाणे तिने मला ढिगावर टाकलं.

मित्रांनो, मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्या, सांभाळणारा शोधा. नदीत, तळ्यात सोडू नका. त्याला दया म्हणत नाहीत.

आणि साहेब, तुम्ही आत्ता ढिगाशी उभे आहात. मावशीने तुम्हाला विचारलं, हे आमच्या पाण्यात आले कुठून? तुम्ही म्हणालात, "लोक सोडतात हो, बाई. लोकांना अक्कल नाही." ती फाटकं जाळं गुंडाळते आहे.

मला पुरा, माझी तक्रार नाही. पण ती जायच्या आत तिच्याकडे बघून खरं बोला. उद्या तिने जाळं टाकायचं कुठे? उत्तर द्या.