गालातली गाठ आणि भावकी

महाळुंगे पडवळची स्नेहल कॅन्सरवर पीएचडी करू लागल्यापासून गाव तिला डॉक्टर म्हणतं आणि गुडघे दाखवतं. पुण्याच्या एका संस्थेत ती मिशरी लावणाऱ्या बायकांच्या तोंडाच्या गाठी तपासते, आणि त्याही एकेक पेशी सुटी करून. वडिलांना, संपतरावांना, तिने हे ग्रामसभेच्या भाषेत समजावलं होतं. पूर्वी सगळी गाठ एकत्र कुटून एकच उत्तर काढत. म्हणजे ठराव सर्वानुमते मंजूर. आता प्रत्येक पेशीच्या दारात जाऊन वेगळं विचारायचं, कारण औषधाला न जुमानणाऱ्या मोजक्या जणी सर्वानुमतेत कुठेच दिसत नाहीत. संपतरावांना ते लगेच पटलं. ते सरपंचपदाला पडलेले आहेत.

अडचण एवढीच, की पेशी जिवंत लागते. ऑपरेशनमधून निघालेला तुकडा बर्फात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. आतापर्यंतचे नमुने वाटेतच मेले होते. पीएचडीच्या समितीने बजावलं होतं, की दिवाळीपर्यंत एक तरी चांगला नमुना आणा, नाहीतर विषय बदला आणि परदेशातली तयार आकडेवारी घ्या. परदेशात मिशरी कोणी लावत नाही, ही किरकोळ बाब समितीच्या ध्यानात आली नव्हती.

त्यामुळे आळेफाट्याच्या सर्जनचा फोन आला, तशी ती बर्फाचा डबा घेऊन दुपारीच दवाखान्यात हजर झाली. पेशंट बेल्ह्याच्या सारजाबाई. गालातली गाठ, मिशरी लहानपणापासून, ऑपरेशन उद्या सकाळी.

सारजाबाई खाटेवर होत्या आणि भावकी खाटेभोवती. स्नेहलने तोंड उघडायच्या आत त्यांच्या दिरांनी, धर्माजींनी, तिला बाहेर घेतलं.

"ताई, त्यो शब्द आत काढायचा न्हाई. वयनीला आमी दाढंची गाठ सांगितलीय."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यास्नी खरं सांगितलं. लपवून कसं चालंल?"

बाकीचे म्हणजे अख्खं बेल्हे. आठवड्याच्या बाजारात टेम्पो घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांनाही खबर होती.

"मला त्यांची संमती लागेल," स्नेहल म्हणाली. "आजार काय, तुकडा कशाला, सगळं त्यांना सांगून."

"संमती आमी देतो की! किती सह्या पायजेत? पुष्पा, पेन आण गं."

"सही आजींचीच लागते."

"अवो, तिला कदी कोनी काय इचारलंय? लग्नात बी न्हाई इचारलं." धर्माजींनी हे पुरावा म्हणून सांगितलं.

स्नेहलने मार्गदर्शकांना फोन लावला. "मुलाची सही घेऊन टाक, नमुना महत्त्वाचा," ते म्हणाले, आणि आपण असं काही बोललो नसल्याची आठवणही त्यांनी लगेच करून दिली.

"नाही सर," म्हणून तिने फोन ठेवला आणि सारजाबाईंच्या मुलाला गाठलं. गेणभाऊ गॅलरीत तंबाखू मळत होता.

"भाऊ, उद्या आई शुद्धीवर आली अन् अर्धा गाल नाय, मग काय सांगाल? दाढ लई मोठी होती?"

गेणभाऊने तळहाताकडे पाहिलं आणि तंबाखू झटकली. "तुमीच सांगा."

"मी नाय. तुमी सांगा, सर्जनसाहेबांना संगती घ्या. नाहीतर मी हा डबा रिकामा नेते."

"तुमचं नुसकान व्हईल."

"लई होईल."

गेणभाऊने हात पुसले. मग सर्जनला घेऊन आत गेला आणि त्याने आईला खरं काय ते सांगितलं.

सारजाबाई रडल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "पुष्पे, तुला म्हाईत व्हतं?"

पुष्पा पदर सारखा करू लागली.

"अन् बाजारात?"

गेणभाऊने सर्जनकडे पाहिलं.

"मंजी मेंढरांच्या दलालाला बी कळलं, अन् त्वांड माजं!" मग त्या स्नेहलकडे वळल्या. "तुला तुकडा पायजे व्हय? न्हाई द्यायची. कुनालाच काय न्हाई द्यायची."

"बरं आजी," स्नेहल म्हणाली.

धर्माजी मागोमाग बाहेर आले. "मनावर घेऊ नका. बेसुद असंल तवा घ्या की, तिला काय कळतंय!"

"त्या नाही म्हणाल्यात काका. तुमीबी ऐकलंय."

पण ती गेली नाही. बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली. नकार तिला मान्य होता. निघून जायला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी सारजाबाईंनी तिला आत बोलावलं.

"अजून हितंच? त्या तुकड्याचं करनार तरी काय?"

स्नेहलने सांगितलं. एकेक पेशी सुटी करणार, कोणती औषधाला दाद देत नाही ते शोधणार.

"त्यानं म्या बरी हुईन?"

"त्यानं नाय. उत्तर यायला वर्षं जातील. तुमच्या उपयोगाचं त्यात काय नसेल."

धर्माजींनी कपाळावर हात मारला. सारजाबाईंनी हात पुढे केला.

"गाठ आल्यापासनं पयलं मानूस खरं बोलतंय. आण कागुद."

पहिलं अक्षर काढून त्या अडखळल्या. गेणभाऊ त्यांचा हात धरायला पुढे झाला.

"हात काढ," त्या म्हणाल्या, आणि उरलेलं नाव सावकाश पुरं केलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. तुकडा बर्फात ठेवून स्नेहल निघाली. सोबत भावकीतला एक माणूस असावा, असं धर्माजींचं म्हणणं पडलं; ते नामंजूर झालं.

पुण्यात पोचताच तिने पेशी सुट्या केल्या, त्यांत निळा रंग सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मेलेली पेशी हा रंग मुकाट्याने आत घेते. जिवंत पेशी त्याला दारातूनच परत पाठवते.

सारजाबाईंच्या बहुतेक पेशींनी परत पाठवला होता.