सत्तरवर अडकलेला काटा

माझ्या बहिणीला, आर्लीनला, रस्ते-वाहतूक कचेरीतल्या तुम्ही साहेबांनी गुन्हेगार ठरवलंत ते एका अडकलेल्या काट्याच्या जिवावर. कागदावर लिहिलंत: मोटरसायकलचा वेग ताशी सत्तर मैल, मर्यादा पंचावन्न, अपघाताचं कारण चालक. सही ठोकलीत आणि जेवायला गेलात.

मी ड्यूई कॉडिल. लॉरेल खोऱ्यात माझं गॅरेज आहे. त्या गाडीच्या चेनला शेवटचा हात माझा लागला होता. तुमच्यापैकी एकानेही मला काही विचारलं नाही.

आमच्या खोऱ्याचं तोंड, आमची वाट मोठ्या रस्त्याला मिळते ती जागा, तुम्ही पाहिलीय का कधी? डावीकडे कातळ, उजवीकडे वेलींचं रान, आणि समोर मोठा रस्ता, त्यावरून कोळशाचे ट्रक उतारानं सुटलेले. ट्रक दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत चार सेकंद मिळतात. तिथे सिग्नल द्या म्हणून आम्ही अकरा वर्षं दरवर्षी एक अर्ज करतोय. अकरा वर्षं तुमचं एकच उत्तर: अपघात पुरेसे नाहीत.

आर्लीन बावन्न वर्षांची आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात चोवीस वर्षं बिस्किटं भाजतेय. रोज पहाटे साडेपाचला ती त्या तोंडातून बाहेर पडायची. फेब्रुवारीत माझ्याकडे आली.

"ड्यूई, ही गाडी जागेवरून उठते ती हॅरल्डमामा खुर्चीतून उठतो तशी. आधी कण्हते, मग विचार करते."

"मामा निदान जेवायला तरी पटकन उठतो."

"हसू नकोस. काल ट्रकचा वारा माझ्या मानेला लागला."

मग मी स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, बदलली. पुढचं पंधरा दात्यांचं होतं, ते चौदाचं केलं. मागचं बेचाळीसचं होतं, ते पन्नासचं. चेन लांब घातली. याने वरचा वेग मरतो, पण गाडी जागेवरून उसळते. आर्लीनला वरचा वेग कशाला हवा होता? तिला चार सेकंदांत रस्ता गाठायचा होता. तुम्ही सिग्नल दिला नाहीत म्हणून मी आठ दाते दिले.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजच्या दारात गाडी थांबवून म्हणाली, "कोणीतरी ढुंगणावर लाथ घातल्यासारखी निघते. आता ट्रकवाल्यांना माझी पाठच दिसेल."

एप्रिलमध्ये ती दुपारी शाळेतून आधी पुढच्या दुकानात चालली होती, मोठ्या रस्त्याने, सरळ. आमच्याच खोऱ्याच्या तोंडातून शेजारच्या हर्शेल स्लोनचा पिकअप बाहेर आला आणि तिला आडवा गेला. पाय तीन ठिकाणी मोडला. हर्शेल मला दवाखान्याच्या पायरीवर म्हणाला, "वेलींच्या आड काही दिसलं नाही रे. देवाशपथ." तुमच्या माणसाने हर्शेलचं ऐकलं नाही, वेली बघितल्या नाहीत. फुटलेल्या मीटरचा काटा सत्तरवर रुतला होता, तेवढा बघितला.

आता ऐका. त्या गाडीचा काटा चाकावरून वेग मोजत नाही. गिअरबॉक्सवरून मोजतो, म्हणजे चेनच्या अलीकडून. दाते बदलले की तेवढ्याच वेगाला गिअरबॉक्स जास्त फिरतो, आणि काट्याला बिचाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. तो सत्तर दाखवतो तेव्हा चाक पंचावन्नच्या आतच असतं. हे दुरुस्त करायची एक छोटी डबी मिळते. मागवायची असं मनाशी ठरवलं आणि विसरलो. आर्लीनला सांगायचंही विसरलो. ही चूक माझी. लिहून घ्या.

कारण आर्लीनने स्वतः तो काटा बघितला होता. सहा आठवडे ती पलंगावर पडून एकच वाक्य बोलत होती. "मी सत्तर पाहिलं, ड्यूई. हर्शेलला काही बोलू नका." गुरुवारच्या सुनावणीत तुमच्यासमोर गुन्हा कबूल करायचा आणि परवाना टाकून यायचा, असं तिने ठरवलं होतं. शाळा एकोणीस मैलांवर आहे. आमच्याकडे बस येत नाही. परवाना गेला की चोवीस वर्षांची चूल गेली.

शेवटी मला ती डबी आठवली आणि मी तिला दात्यांचं सांगितलं.

"सहा आठवडे मी स्वतःला शिव्या देतेय," ती म्हणाली. "त्या तुझ्या होत्या."

"हो."

"आणि खरं कशावरून? तू भाऊ आहेस. भाऊ असंच बोलणार."

म्हणून मी तुमच्या कचेरीत आलो. खिडकीतली बाई म्हणाली, "फॉर्ममध्ये दात्यांचा रकाना नाही." मी म्हटलं, गाडी तुमच्याच आवारात पडलीय, जाऊन मोजा. ती म्हणाली, "मोजणं आमचं काम नाही." मग सत्तर कोणी मोजलं, बाई?

माझ्याकडे त्याच मॉडेलची गाडी आहे, आम्ही दोघांनी एकदमच घेतल्या होत्या. तिला चौदा आणि पन्नास चढवलं. शाळेसमोर तुम्ही वेग दाखवणारी दिव्यांची पाटी लावलीय. सोमवारी शाळा सुटल्यावर तिथे गेलो. आर्लीन चाकाच्या खुर्चीत, बाजूला स्वयंपाकघरातल्या चौघी. हँडलला फोन बांधला, काट्याचं चित्रण करायला. काटा बत्तीसवर धरला आणि पाटीसमोरून गेलो. पाटी म्हणाली, पंचवीस.

"परत," आर्लीन म्हणाली.

पंचवीस.

"परत."

तिसऱ्यांदाही पंचवीसच. मग तिथेच रस्त्याकडेला बसून जुनी स्प्रॉकेट आणि जुनी चेन चढवली. तासभर लागला, चौघींपैकी कोणी घरी गेली नाही. पुन्हा गेलो. काटा पंचवीस, पाटी पंचवीस.

"म्हणजे मी पंचावन्नने येत होते," आर्लीन म्हणाली.

"थोडं कमीच."

"थोडं कमीच," ती म्हणाली, आणि मला दंडावर जोरात मारलं. काळंनिळं झालंय, दाखवतो हवं तर.

गुरुवारी ती काही कबूल करणार नाही. आणि तुम्हाला तो काटा इतका का आवडला, हेही मला कळलंय. आर्लीन दोषी ठरली की खोऱ्याचं तोंड निर्दोष. तोंडावरच्या वेली निर्दोष. अकरा अर्जांवर बसलेले तुम्ही निर्दोष.

पाटी तुमची आहे, कागदही तुमचाच आहे. दोघांतलं एक खोटं बोलतंय. पाटी खोटी असेल तर शाळेसमोरून आजच काढा, तिच्या भरवशावर पोरं रस्ता ओलांडतात. कागद खोटा असेल तर फाडा आणि आमच्या खोऱ्याच्या तोंडाची फाईल उघडा. कुठलं खोटं? गुरुवारच्या आत, लेखी, सहीनिशी सांगा.