उन्हाकडे पाठ

“अवो, माजा तोंड खंय गेला?”

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर स्वप्नालीचं नाक टेकायचंच बाकी होतं. फोटोत झल्लाकचा समुद्र चकाकत होता, वर आभाळ होतं आणि मधोमध साडी नेसलेली एक काळी आकृती. ती कोणीही असू शकली असती.

संतोषलाही काही कळेना. कॅमेरा शैलेंद्र साहेबांचा. ते पुण्याचे, बहरीनमधल्या सित्र्याला इंजिनीअर. संतोष त्यांची गाडी चालवायचा. बायकोला एकदा तरी बहरीन दाखवायचं हे कधीपासून त्याच्या मनात होतं. साहेबांनी व्हिजिट व्हिसा काढून दिला, तिच्या मुक्कामापुरती बुसैतीनच्या आपल्या घरातली एक खोली दिली. उद्या सकाळी तिचं परतीचं विमान होतं. म्हणून आज निघताना साहेबांनी जुना कॅमेराही दिला आणि बटण दाखवलं. “फोटो काळा आला तर प्लस, पांढरा पडला तर मायनस. खलास!”

पण हा फोटो काळाही होता आणि पांढराही. समुद्राकडे बघावं तर डोळे दिपत होते. संतोषने विचार केला, उजेड जास्त झालाय. त्याने मायनस केलं. स्वप्नालीचे हातसुद्धा दिसेनासे झाले.

“उलटा करून बघा.”

“एवढा ऊन आसा, अजून उजेड कित्याक व्हयो?”

“मगे माका हकडे उभी करा.”

ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. चेहरा स्वच्छ आला, पण मागे उभ्या गाड्या आणि कचऱ्याचा डबा. “ह्यो कसलो फोटो!” ती म्हणाली आणि पुन्हा पाण्यापाशी गेली. समुद्र पाठीशी घेतला की ऊनही पाठीशी येत होतं.

शेवटी मनाला पटत नसतानाही संतोषने बटण दाबून चाक फिरवलं. काटा प्लसच्या टोकाला नेला.

आणि स्वप्नाली आली. कपाळावरचा घाम, उडालेली बट, हसू येऊ नये म्हणून दाबलेले ओठ. संतोष बघतच राहिला. लग्नानंतर सुट्टी-सुट्टीपुरता तिच्यासोबत राहिलेला माणूस; तिच्या हनुवटीवरचा तीळ त्याला आज नवा वाटला. समुद्र मात्र पुसून गेला होता. आभाळही. मागे नुसता पांढरा कागद.

परतताना ते मुहर्रकमधल्या खिजरच्या फोटो स्टुडिओत थांबले. गावच्या घरी भिंतीवर लावायला एकच मोठा फोटो करायचा होता. संतोषने पांढऱ्यावर बोट ठेवलं.

“तो नको. पयलो,” स्वप्नाली म्हणाली.

“त्यात तू दिसनस नाय!”

“माजा तोंड घरात आरशात आसा.”

“समुद्र तर आपल्याकडे पण आसा.”

“तो आमचो. हो तुमचो.” तिने काउंटरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. “तुमी खंय ऱ्हवतास ता माका बघूक व्हया.”

इथे संतोष गाडीत राहायचा, कामगारांच्या खोलीतल्या वरच्या बंकवर राहायचा. झल्लाकला तो आज पहिल्यांदा उतरला होता. एरवी साहेबांना सोडून तो गाडीतच बसून राहायचा. हे तिला सांगावं असं वाटलं, पण खिजरने मशीन सुरू केलं होतं.

ती गेल्यावर संतोषने तो पांढरा फोटोही छापून घेतला आणि बंकजवळच्या भिंतीला चिकटवला. खालच्या बंकवरचा सिराज चहा घेऊन आला आणि बघत उभा राहिला.

“भाभी? यहाँ आयी थी?”

“हां.”

“ये कहाँ खींचा?”

संतोष फोटोकडे वळला. स्वप्नालीच्या मागे पाणी नव्हतं, आभाळ नव्हतं, कडेला कुठे वाळूसुद्धा नव्हती.

“इधरही,” तो म्हणाला, आणि सुटत आलेला एक कोपरा अंगठ्याने भिंतीवर दाबून धरला.