उरलेल्या दोन कड्या

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या अष्टमी गावाला माहीत हाय. बायको मुनीरा म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे तापल्या तव्याला हात लावायचा. असू दे. बत्तीस वर्षं मी कंपनीत पंप खोलले आणि जोडले. ताजुद्दीन फिटरचं काम बिघडलं, असं एकदाच झालं. त्या एकदाचं पुढे सांगतो.

त्या रविवारी पावणेबारा वाजता आमच्या ओटीवर नवी सायकल उलटी उभी होती आणि तिचा क्रँक फिरत नव्हता. क्रँक म्हणजे पायडलं लावायचे दोन दांडे आणि त्यांना जोडणारा मधला एक्सल. ढकलला की अर्धा फेरा जाऊन थांबायचा. सायकल माझ्या लेकीची, हफ्साची. जिल्ह्याच्या संघाची निवड त्याच दिवशी पेणला, हजेरी अडीचला. वीस किलोमीटरची शर्यत, जागा चार. पुढच्या महिन्यात पोरगी अठरा पुरी करते, म्हणजे मुलींच्या गटात ही शेवटची खेप. जुन्या सायकलची फ्रेम आठवड्यापूर्वी तडकली. माझ्या थोरल्याने, नावेदने, दोह्याहून येणाऱ्या माणसाबरोबर नवी फ्रेम आणि सुटे भाग धाडले, ते खोकं शनिवारी संध्याकाळी हातात पडलं. एकच्या आसपास निघालो नाय, तर तिची दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

"चेन काढून बघ," मी म्हणालो.

हफ्साने चेन उतरवली. क्रँक तसाच जड. म्हणजे चेनचा दोष नाय. मग मी डावा दांडा काढला, एक्सल बाहेर ओढला, दोन्ही बाजूंच्या बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं. छान मोकळी फिरली. सगळं परत बसवून दांड्याचा बोल्ट आवळला, तर पुन्हा जड. बोल्ट अर्धा फेरा सैल केला, मोकळा. पण आता दांडा डुगडुगायला लागला. तसाच ठेवला तर उतारावर पायाखालून निखळेल आणि पोरगी रस्त्यावर तोंडघशी पडेल. माझ्या मानेवरून घाम निथळत होता.

"आब्बा, दोन्हीकडून बेअरिंग दाबली जातायत," हफ्सा म्हणाली. "त्या कड्या काढूया."

हे तिने सकाळीही सांगितलं होतं. पाकिटात तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढ्या दोन काळ्या कड्या होत्या, बेअरिंग आणि फ्रेम यांच्या मध्ये बसणाऱ्या. सोबत चित्रांचा कागद. तिचं म्हणणं, कड्या अरुंद फ्रेमसाठी, आपली रुंद, आपल्याला नकोत. मी म्हणालो होतो, पाकिटात दिलंय ते बसवायलाच दिलंय, मला शहाणपण शिकवू नको. आणि दोन्ही बसवल्या.

आता ते एकदाचं. अकरा वर्षांपूर्वी शिफ्ट संपता संपता एक पंप जोडला आणि टेबलावर एक वॉशर उरला. जादाचा असेल, म्हणून मी पंप चालू केला. पंपाला मोटर जोडणारं कपलिंग सुटलं आणि माझा जोडीदार केरू याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून मी काही उरू देत नाय. घरचा मिक्सर उघडला तरी स्क्रू मोजून ठेवतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, मी तर पाणीही फुंकतो.

"चालवून चालवून सैल होईल," मी म्हणालो.

"नाय होणार, आब्बा. वीस किलोमीटर मला हे ओढता येणार नाय."

"मग खोल तूच. मोठी इंजिनियर."

तिने पान्याकडे बघितलं, पण उचलला नाय. मी आवळलेलं दुसऱ्याने खोललेलं मला चालत नाय, हे तिला लहानपणापासून माहीत. ती भिंतीला टेकून बसली आणि ओढणीने डोळे पुसायला लागली. घड्याळात साडेबारा झाले होते. मला स्वतःचीच लाज वाटत होती आणि त्याचाही राग येत होता.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. कंपनीतली नोकरी सुटल्यावर केरूने टेम्पो घेतला, आणि पेणला तोच आम्हाला नेणार होता. ओटीवर येऊन त्याने तीन बोटांनी क्रँक ढकलला.

"ताजूभाय, पोरीला शर्यतीला धाडताय का जात्यावर दळायला?"

हफ्साने त्याला कागद दाखवला, कड्यांचं सांगितलं.

"मग काढा की," केरू म्हणाला.

"उरतील रे," मी म्हणालो. "उरलं की काय होतं, ते तुला सांगायला पाहिजे का? हिला उतारावर काय झालं तर?"

केरू पायरीवर बसला. "ताजूभाय, त्या दिवशी मी काय बोललेलो, आठवतंय?"

मला आठवत होतं. अकरा वर्षं मी ते आठवत नसल्यासारखं वागत होतो.

"मी बोललो, थांबा, आधी ड्रॉइंग बघूया. तुम्ही बोललात, तू मला शिकवणार काय? माझी बोटं वॉशरने नाय गेली. तुम्ही ऐकलं नाय म्हणून गेली."

तो रागावून बोलला नाय. अकरा वर्षं दर ईदला त्याने त्याच हाताने माझ्या घरी शीरखुर्मा खाल्ला आणि हा शब्द कधी काढला नाय.

मग आत जाऊन माझा व्हर्नियर, बारीक माप घ्यायचं हत्यार, घेऊन आलो. त्याला घरात कोणी हात लावत नाय. तो हफ्साच्या हातात दिला.

"फ्रेम माप."

तिने मापलं, कागदाशी ताडून बघितलं. रुंद फ्रेम. दोन कड्यांचे दोन मिलीमीटर जास्तीचे होते.

"आता खोल. तू वाच आणि कर, मी ऐकतो."

"मी, आब्बा?"

"व्हय गो, तूच."

उजवीकडच्या बेअरिंगचे आटे उलटे असतात, ते सांगायला मी जीभ उचलली, तर तिने पाना बरोबर उलटा फिरवलाही होता. कड्या निघाल्या. बेअरिंग बसली, एक्सल गेला, कागदात लिहिलंय तेवढा बोल्ट तिने आवळला. मग तिने बोटाने क्रँक ढकलला. एक, दोन, तीन, चार फेरे. मी दांडा धरून हलवला. तसूभरही हलला नाय.

निघालो तेव्हा सव्वा वाजला होता. वाटेत गडब गावापाशी कंटेनरच्या रांगेत अडकलो, तेव्हा तर माझी पाचावर धारण बसली. पोचलो तोवर हजेरीची शेवटची नावं चालली होती.

हफ्सा रेघेवर जाऊन उभी राहिली. माझ्या खिशात बोल्टची चावी होती आणि त्या दोन कड्याही. बोल्ट एकदा परत बघावा म्हणून हात शिवशिवत होते.

"नीट आवळलास ना?"

"व्हय, आब्बा."

मी चावी काढून केरूच्या हातात दिली. "तुझ्याजवळ ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

शिट्टी झाली, मुली गेल्या. फिरून त्याच रेघेवर यायचं होतं. आम्ही दोघं रस्त्याकडेला उभे राहिलो. वीस मिनिटं झाली, तीस झाली. खिशातल्या कड्या मी चोळत होतो.

"केरू," मी म्हणालो, "त्या दिवशी मी थांबायला पाहिजे होतं. चूक माझी."

"व्हय," केरू म्हणाला. आणि त्याने तो हात माझ्या खांद्यावर ठेवला.

वळणावर पहिली सायकल दिसली, मग दुसरी. मग बराच वेळ कोणी नाय. मग तिसरी. तिच्या मागे मान खाली घालून, पाय सारखे फिरवत हफ्सा येत होती. हफ्साच्या मागच्या पोरीला मी रेघेपर्यंत बघत राहिलो. ती मागेच राहिली. चौथी जागा हफ्साची.