निजलेलं रान

"बाई, या फोटोत तुमचं शेत कुठंय ते दाखवा."

वनहक्काच्या कचेरीत साहेबाने टेबलावर आभाळातून काढलेला फोटो पसरला. म्हातारीने डोळे बारीक केले आणि लगेच बोट टेकवलं. ओढ्याचं वळण, काळा खडक, खडकाच्या पायथ्याशी तिचा तुकडा. जंगलात जन्म काढलेलीला ते काय शोधायचं!

"इथं तर झुडपं आहेत," साहेब म्हणाला. "हा फोटो काढला त्या वर्षी जो जमीन कसत होता, त्यालाच हक्क मिळतो."

"झुडपं असणारच. रान निजवलं होतं आम्ही."

"निजवलं?"

"तीन वर्षं पेरायचं, तीन वर्षं निजू द्यायचं. माती दमते. तुम्ही रविवारी घरी बसता, तेव्हा तुमची खुर्ची काढून घेतात का?"

"आत्याबाई, हळू," सुनेने पदर ओढला.

"हळू कशाला? सासऱ्याच्या बापापासून राबतोय आम्ही तिथं."

साहेब हसला नाही, चिडलाही नाही. त्याने स्वतः उठून तिला पाणी दिलं. चिडला असता तर म्हातारीने त्याला बघून घेतलं असतं. या पाण्यापुढे मात्र तिने आवाज खाली आणला.

"फोटो पुढच्या साली काढला असता तर?"

"तर शेत दिसलं असतं."

पुढच्या साली तिथं कमरेएवढं पीक होतं. आणि त्या साली? त्या साली लेक हाता-पाया पडत होता. "आई, औंदा पेरू दे. घरात खाणारी तोंडं वाढली." तिनेच त्याला चारचौघांत झापलं होतं, "दमलेल्या जिवाला जुंपतोस? लाज नाही वाटत?" लेकाने नांगर परत ठेवला. तिच्या शब्दापुढे घरात कोणी जातच नसे. याचा तिला केवढा तोरा!

दावा फेटाळला, म्हणजे आता महिन्याभरात शेताबरोबर जंगलातलं घरही सोडायचं होतं. लेक खडकाजवळ वाट बघत बसला असेल. तो एका शब्दाने बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेच नको होतं तिला.

"दावा नामंजूर झाल्याची पोच," कारकुनाने कागद पुढे केला आणि शाईचा डबा उघडला. "आजी, अंगठा."

"तो डबा मिट. सही येते मला."

जमिनीच्या कागदावर अंगठा नको, म्हणून पंधरा दिवस तिने चुलीपुढच्या राखेत काडीने नाव गिरवलं होतं. सून मास्तरीण, ती विद्यार्थिनी. हसून हसून दोघींची पुरेवाट झाली होती.

तिने पेन काडीसारखं मुठीत धरलं आणि एकेक अक्षर काढलं. शेवटचं चौकटीबाहेर गेलं.

"बाहेर गेलं हो," सून पुटपुटली.

"चालतंय," कारकून म्हणाला.

म्हातारीने पेनाला टोपण लावलं, नीट दाबलं आणि परत दिलं.